तांबड्या रश्श्यानं दारू उतरत नाही

आषाढात त्र्यंबोलीची यात्रा झाली की कोल्हापुरात मटणाच्या बेतांना ऊत येतो. मग गटारीपर्यंत मळ्यातल्या जेवणावळींत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "खाऊन-पिऊन असलेल्या गड्याला दारू बाधत नाही. वर चार वाट्या रस्सा मारला की लिव्हर साफ." सांगणारा मनापासून सांगतो, तालमीत कमावलेल्या अंगाचे दाखले देतो. मला ते ऐकवत नाही, कारण त्यावर विश्वास ठेवून निर्धास्त झालेली माणसं पोटात पाणी झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात.

यातलं खरं तेवढं आधी सांगतो. पोट भरलेलं असलं की जठरातला माल आतड्यात सावकाश सरकतो, म्हणून दारू रक्तात हळू उतरते आणि कमी चढते. पण आत गेलेल्या अल्कोहोलचा निकाल लिव्हरलाच लावावा लागतो. श्वास, घाम आणि लघवीतून जातं ते फार तर दहा टक्के.

आता हिशेब करू. क्वार्टरच्या लेबलवर १८० मिली आणि ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे निव्वळ अल्कोहोल ७७ मिली, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. एका क्वार्टरला सहा ते नऊ तास लागले. गळीत हंगामात गव्हाणीपुढं कितीही ट्रॉल्या उभ्या राहू देत, कारखान्याचं गाळप क्षमतेइतकंच होतं; इथंही तसंच. रस्सा, ताक, लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे पाचला गाडी काढणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल असू शकतं.

रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये एक जादा वाट जोमानं चालू होते, हेही खरं. त्यामुळं वेग थोडा वाढतो, पण त्या वाटेवर पेशीला इजा करणारे कण तयार होतात. पॅरासिटामॉलचा काही भागही त्याच वाटेनं जाऊन विषारी बनतो. म्हणून नेहमी पिणाऱ्यानं डोकं दुखतंय म्हणून या गोळ्या मनानं खाऊ नयेत.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. अल्कोहोल दोन टप्प्यांत मोडतं. पहिलं एन्झाइम (ही मोडतोड घडवणारं प्रथिन) त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतं, दुसरं त्याचं अॅसिटेट. दोन्ही वेळा अल्कोहोलमधला हायड्रोजन काढून घ्यावा लागतो आणि तो उचलतो एनएडी नावाचा रेणू. हायड्रोजन उचललेल्या एनएडीला एनएडीएच म्हणतात. पेशीतला एनएडीचा साठा मर्यादित असतो. दारू आली की रिकामा एनएडी कमी पडतो आणि एनएडीएच साचतो. चरबी जाळायलाही रिकामाच एनएडी लागतो. तो नाही, म्हणून चरबी जळत नाही. उलट साचलेल्या एनएडीएचमुळं नवी चरबी बनायला चालना मिळते. पायरुव्हेट नावाच्या रेणूपासून साखर बनायची, तिथं त्याचं लॅक्टेट होतं. म्हणून उपाशीपोटी ढोसणाऱ्याची रक्तातली साखर घसरते. वाढलेलं लॅक्टेट मूत्रपिंडातून युरिक अॅसिड बाहेर पडू देत नाही, म्हणून पायाचा अंगठा सुजतो. चरबी, साखर आणि सांधा, तिन्ही दुखण्यांच्या मुळाशी हाच बिघडलेला तोल असतो.

अशा लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशीपेशीत चरबीचा मोठा गोल थेंब दिसतो आणि पेशीचं केंद्रक कडेला चेपून गेलेलं असतं. वर मटणाचा तवंग जिरवून हा थेंब कसा कमी होणार?

मधल्या अॅसिटाल्डिहाइडचा गुन्हा वेगळा आहे. ते थेट डीएनएला इजा करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात पुरावा पक्का असलेलं, कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जाहीर केलं. महागडी असो की देशी, रेणू एकच.

हेच अॅसिटाल्डिहाइड वापरून दारू सोडवायचं औषधही आहे. डायसल्फिराम दुसरं एन्झाइम अडवतं. मग घोटभर दारूनंही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याचा हा उपयोग मांडला. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं. 'न सांगता दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिरातींची पुडी आमटीत कालवणाऱ्या बायकांची तळमळ मला कळते. पण पुडीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि हे औषध असेल तर नकळत वर दारू पिणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अंगाऱ्यानं तर एन्झाइमला काहीच होत नाही.

थांबल्यावर काय होतं? चरबीचा थेंब काही आठवड्यांत ओसरू लागतो, रक्तदाब उतरतो, झोप सुधारते. रोजच्या क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी वाचतात. सिरॉसिसचे, म्हणजे लिव्हर कडक करणारे, व्रण मात्र सहसा पुरते भरून येत नाहीत. तरी त्या टप्प्यावर सोडणाराही जास्त जगतो.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. मेंदूनं दारूच्या गुंगीला तोंड द्यायला स्वतःला चेतवून ठेवलेलं असतं. दारू थांबली की ती चेतना मोकाट सुटते: हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. यात जीवही जातो. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं, किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. डॉक्टरांना रोजचं प्रमाण आणि शेवटचा पेग कधी घेतला ते खरं सांगावं. फिट टाळायच्या औषधाचा डोस त्यावरच ठरतो.