टेम्प, टेम्परवारी आणि हंगामी

इंग्रजीने ‘टेम्पररी’ कापून ‘टेम्प’ केला. आपण उलट तो ताणला. ‘अजून टेम्परवारीच आहे हो,’ असं सांगणारा एखादा तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो.

इंग्लंड-अमेरिकेत ‘टेम्प’ म्हणजे मुख्यतः माणूस. ऑफिसातलं कुणी रजेवर गेलं की एजन्सीमार्फत चार आठवड्यांपुरता येणारा. त्याचं क्रियापदही झालंय, म्हणजे सध्या कुणी ‘टेम्पिंग’ करत असतं. तात्पुरत्या दुखण्याला मात्र सहसा कुणी टेम्प म्हणत नाही. संगणकातली टेम्प फाइल वेगळी, ती काम उरकेपर्यंतची. दोन वाट्यांमधलं दूध आणि ताक अदलाबदल करायचं तर तिसरी रिकामी वाटी लागते. प्रोग्रॅम लिहिणारे त्या तिसऱ्या वाटीला हटकून ‘टेम्प’ नाव देतात. आणि दवाखान्यातल्या तक्त्यावर हीच अक्षरं दिसली तर तो ताप, म्हणजे टेम्परेचर.

मग घोटाळा कसा होत नाही?

वारंवार लागणारे शब्द आखूड असतात, हे हार्वर्डचे भाषा अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी 1930च्या दशकात दाखवलं. पण नुसत्या वापराने सगळं उलगडत नाही. 2013 साली काइल माहोवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एकाच अर्थाच्या लांब-आखूड जोड्या तपासल्या, चिंपांझी आणि चिंप अशा. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज संदर्भावरूनच येत असेल, तिथे लोक आखूड रूप निवडतात, असं दिसलं. अर्ध्या शब्दाचं ओझं शेजारचे शब्द उचलतात. एरवी पूर्ण शब्द लागतोच. कापताना बहुधा शेपूट जातं, कारण ऐकणारा शब्द डोक्याकडून ओळखत येतो. (‘ऑम्निबस’चं नुसतं शेपूट उरून ‘बस’ झाली, हा अपवाद.) ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारा जोनाथन स्विफ्ट 1710 मध्येच अशा कापाकापीवर चिडला होता. त्याच्या रागाने काही फरक पडला नाही.

मराठीत ‘टेम्प’ला एकच प्रतिशब्द शोधू नये. ‘तात्पुरता’ सगळीकडे चालतो, म्हणूनच थोडा फिका आहे. ‘तदर्थ’ म्हणजे त्या एका कामासाठी नेमलेला. समितीला शोभतो, माणसाला नाही. ‘कामचलाऊ’त दर्जाबद्दलचा टोमणा आहे, तो सहकाऱ्याला तोंडावर म्हणू नये. ‘काळजीवाहू’ फक्त सरकार असतं. टेम्पच्या सर्वांत जवळ जातो तो मुंबईच्या गिरण्यांमधला ‘बदली’ कामगार: सकाळी गेटवर हजर राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. फरक इतकाच, की टेम्पला आपण उद्या कुठे जाणार हे एजन्सी आधी कळवते.

मला मात्र ‘हंगामी’ आवडतो. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे वेळ, आणि टेम्पररीच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘टेम्पस’चा अर्थही वेळच. विधानसभेत नव्या आमदारांना शपथ देणाऱ्या ‘प्रो-टेम’ अध्यक्षांना आपण ‘हंगामी अध्यक्ष’ म्हणतो. ‘प्रो-टेम’ हे ‘प्रो टेम्पोरे’चं कापलेलं रूप, अर्थ ‘त्या वेळेपुरता’. भाषांतर करणाऱ्याला ठाऊक असो-नसो, नेम अचूक बसला.

याच टेम्पसपासून इटालियन ‘टेम्पो’ आला. जर्मनीत त्याला वेगाचा अर्थ मिळाला, तिथल्या एका तीनचाकी गाडीला ते नाव पडलं, आणि बजाज टेम्पोमुळे तो शब्द आपल्या रस्त्यांवर आला. कंपनीने 2005 मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. सामान हलवायला आपण अजून टेम्पोच बोलावतो.