मेटाडेटा-दोषनिवारण : घरगुती चित्रपटसंग्रहातील

घरच्या सर्व्हरवर किंवा डिस्कवर साठवलेल्या चित्रपटांची शीर्षके, प्रदर्शनवर्षे, कलावंत, पोस्टर, ध्वनिपट्ट्यांची भाषा इ. माहिती चुकीची, अपुरी किंवा भलत्याच चित्रपटाची दिसू लागल्यास तिचे मूळ शोधून ती दुरुस्त करण्याची क्रिया. संग्रहातील चित्रपट यादीरूपाने मांडून दाखवणाऱ्या कोडी, प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन या प्रचलित प्रणालींत पडद्यावरील मांडणी वेगवेगळी असली, तरी दोषांची कारणे बव्हंशी सारखीच आढळतात.

या व्यवहाराची पूर्वपीठिका दोन ठिकाणी दाखवता येते. पहिली परंपरा माहिती चित्रफितीच्या बाहेर, सर्वांच्या सामायिक सूचीत ठेवण्याची. यूजनेट या संगणकांवरील जुन्या चर्चाजाळ्याच्या चित्रपटविषयक गटात हौशी प्रेक्षकांनी नटनट्या व दिग्दर्शकांच्या याद्या तयार केल्या होत्या. त्यांत शोध घेता यावा म्हणून कॉल नीडहॅम यांनी १७ ऑक्टोबर १९९० रोजी काही आज्ञावल्या प्रसृत केल्या. आयएमडीबी या चित्रपटविषयक माहितीकोशाचा आरंभ तोच मानतात. घरगुती संग्रहांना आज माहिती पुरवणारे टीव्हीडीबी (२००६) आणि टीएमडीबी (२००८) हे वाचकांनीच भरलेले माहितीकोश याच वळणाचे आहेत. दुसरी परंपरा माहिती फाइलीच्या शेजारी किंवा पोटात ठेवण्याची. सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींसोबत साध्या मजकुराची ‘एनएफओ’ फाइल जोडण्याची रीत साधारणतः १९९० च्या सुमारास पडली असावी. संगीताच्या फाइलीतच गीत, गायक इ. माहितीची नोंद (टॅग) ठेवण्याची आयडी३ ही पद्धती १९९६ ची. कोडी चित्रपटाची माहिती ज्या फाइलीत शेजारी ठेवते, ती एनएफओ फाइल ही त्या जुन्या फाइलीची थेट वंशज असल्याचे कधी कधी सांगितले जाते. मात्र दोहोंत साम्य मुख्यतः नावाचे व प्रत्ययाचे आहे. कोडीच्या फाइलीतील मजकूर एक्सएमएल या खुणांनी बांधलेल्या स्वरूपात असतो आणि तो माणसाने वाचावा यापेक्षा यंत्राने वाचावा यासाठी असतो. दोषांच्या दृष्टीने पहिली परंपरा अधिक महत्त्वाची ठरते, कारण बहुसंख्य तक्रारी माहिती चुकीची असण्याच्या नसून ओळख चुकण्याच्या असतात.

ही ओळख प्रामुख्याने नावावरून ठरते. प्रणाली फोल्डरच्या व फाइलीच्या नावातून शीर्षक आणि वर्ष वेगळे काढते, माहितीकोशाकडे विचारणा करते आणि सर्वांत जवळचे उत्तर स्वीकारते. ‘अ स्टार इज बॉर्न’ या नावाचे चित्रपट १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ मध्ये निघाले; वर्ष न लिहिल्यास निवड अंदाजाने होते. ‘२०१२’ हा चित्रपट २००९ चा असल्याने शीर्षकालाच वर्ष समजण्याचा धोका असतो. महोत्सवातील पहिला खेळ आणि सार्वत्रिक प्रदर्शन यांची वर्षे वेगळी असली, की दोन कोशांत एका वर्षाचा फरक पडतो. वर्ष कंसात लिहावे व प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावा, हा सर्वसाधारण संकेत. त्यानेही भागले नाही, तर कोशातील ओळखक्रमांकच नावात घालतात. प्लेक्स त्यासाठी महिरपी कंस वापरते, जेलीफिन चौकटी कंस.

देवनागरी शीर्षकांत एक जास्तीची अडचण असते व तिची दखल क्वचितच घेतली जाते. ‘दुसऱ्या’मधील ऱ हा युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक क्रमांकपद्धतीत एका संकेतांकाने (चिन्हाच्या क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) नावे विघटित, म्हणजे सुट्या संकेतांकांच्या रूपात साठवत असे. लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणाली नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहतात. त्यामुळे अशी डिस्क एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवली, की एकच चित्रपट दोनदा दिसणे किंवा शेजारची एनएफओ फाइल न सापडणे हे प्रकार घडू शकतात. कनव्हएमव्हीसारख्या नामांतर-साधनाने नावे एका प्रमाणित रूपात आणता येतात. ऱ संयुक्त प्रमाणरूपात (सुटे संकेतांक जोडलेल्या रूपात) एकसंध होतो. क़ आणि ज़ मात्र त्या रूपातही विघटितच राहतात. ‘ॲ’ची स्थिती याहून बिकट आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) आले, तोवर अ ला चंद्र जोडून किंवा ‘ऍ’ वापरून काम भागवले जाई. ही तीन रूपे प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत, ती हातानेच बदलावी लागतात. शिवाय यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने सुमारे ८५ संकेतांकांतच नाव संपवावे लागते, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यांत मोजल्या जातात.

ध्वनिपट्टीची भाषा चुकीची दिसण्याचे मूळ पुष्कळदा मात्रोस्का (एमकेव्ही) या चित्रपटफाइलीच्या स्वरूपाच्या विनिर्देशात (नियमावलीत) असते. भाषेचा घटक लिहिलेलाच नसेल, तर तिथे इंग्रजी गृहीत धरली जाते. मराठी पट्टी ‘इंग्रजी’ म्हणून दिसते, ती सर्व्हर बिघडला म्हणून नव्हे. एमकेव्हीटूलनिक्स संचातील एमकेव्हीप्रॉपएडिट हे साधन फाइल पुन्हा न बांधता केवळ शीर्षभागातील नोंद बदलते. आत राहून गेलेले निरर्थक शीर्षकही त्यानेच पुसता येते.

नाव सुधारूनही जुनीच माहिती राहिल्यास ती कोणत्या थरातून येते ते पाहावे : शेजारची एनएफओ, फाइलीतील टॅग, दूरचा कोश, की प्रणालीने स्वतःजवळ साठवलेली प्रत. हाताने बदललेली व कुलूपबंद केलेली क्षेत्रे नव्या विचारणेने बदलत नाहीत. फाइल संग्रहाबाहेर हलवणे, संग्रह पुन्हा तपासणे, कचरा रिकामा करणे, प्लेक्सने साठवलेले जुन्या माहितीचे संच साफ करणे आणि फाइल परत ठेवून पुन्हा तपासणी करणे या क्रमाला प्लेक्सच्या वापरकर्त्यांत ‘प्लेक्स डान्स’ असे थट्टेचे नाव आहे. कोडीत चित्रपटाची नोंद फाइलीच्या मार्गाशी बांधलेली असते. मार्ग बदलला, तर तोच चित्रपट नवा समजला जातो व ‘पाहिलेला’ ही खूण हरवते. चित्रपट मुळीच दिसत नसेल, तर सर्व्हरच्या वापरकर्त्याला फोल्डर वाचण्याची परवानगी आहे का, हे आधी तपासावे.

कौटुंबिक चित्रणे कोणत्याच कोशात नसतात. ती दूरची विचारणा बंद असलेल्या स्वतंत्र विभागात ठेवतात, नाहीतर वाढदिवसाच्या चित्रणाला एखाद्या अनोळखी चित्रपटाचे पोस्टर लागते. त्यांचा क्रम तारखेवर चालतो. एमपी४ मध्ये निर्मितीची वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात, त्यामुळे ती नोंद शून्य राहिल्यास चित्रण १९०४ चे दिसू शकते. ही वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहावी असा नियम आहे, पण अनेक कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात. मध्यरात्रीच्या आसपासची चित्रणे म्हणून एका दिवसाने मागेपुढे सरकतात.