ऑनलाइन पदवीचे पैसे भरण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. आपल्या देशात ऑनलाइन पदवीची मान्यता विद्यापीठाच्या नावावर सरसकट मिळत नाही. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक पद्धतीसाठी आणि ठरावीक सत्रापुरती मिळते. एकाच विद्यापीठाचा ऑनलाइन बीकॉम परवानगीच्या यादीत असतो आणि ऑनलाइन एमए नसतो, असं होऊ शकतं. म्हणून पूर्ण प्रश्न असा विचारा: या विद्यापीठाचा, हाच अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धतीने, यंदाच्या सत्रात चालवायला परवानगी आहे का?

नॅक वेगळं, डीईबी वेगळं

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात "नॅक ए प्लस प्लस" छापलेलं असतं. नॅक ही 1994 साली स्थापन झालेली बंगळुरूची संस्था. ती संपूर्ण विद्यापीठाचं मूल्यांकन करते आणि 4 पैकी 3.51 किंवा जास्त गुण मिळाले की ही सर्वोच्च श्रेणी देते. श्रेणी चांगली असणं उत्तमच, पण ती ऑनलाइन अभ्यासक्रमाची परवानगी नव्हे. परवानगी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, आपल्या दूरशिक्षण विभागामार्फत देतो. या विभागालाच सगळे डीईबी म्हणतात आणि त्याचं काम 2020 च्या नियमावलीनुसार चालतं.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. डीईबीच्या संकेतस्थळावर परवानगी मिळालेल्या विद्यापीठांची यादी वर्षानुसार आणि सत्रानुसार असते. सत्रं दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. आधी वर्ष आणि सत्र निवडा, मग ऑनलाइन की दूरशिक्षण ते बघा (या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची परवानगीही वेगळी असते), मग विद्यापीठ, आणि शेवटी अभ्यासक्रमाचं नाव. हे नाव अक्षर न् अक्षर जुळवा. यादीत "बीबीए" असेल आणि माहितीपुस्तिकेत त्यापुढे आणखी चार भारदस्त शब्द चिकटवलेले असतील, तर त्या चार शब्दांचा खुलासा विद्यापीठाकडून लेखी मागवा. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा तो उपयोगी पडतो.

यादीत विद्यापीठच सापडलं नाही तर यूजीसीची बनावट विद्यापीठांची यादीही चाळा. 1956 च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. नावात "विद्यापीठ" किंवा "परिषद" असल्याने काही होत नाही.

जे ऑनलाइन मिळतच नाही

अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, वास्तुशास्त्र, फिजिओथेरपी, कायदा या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. पीएचडीही नाही. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र यांचीही या बंदीच्या यादीत भर पडली आहे. हे कुणी "आमच्याकडे खास परवानगी आहे" म्हणून देऊ करत असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. "दहा दिवसांत एमबीए" अशा नावाच्या कोर्सपासून सावध राहा, असं यूजीसीनेच 2024 मध्ये जाहीर केलं होतं. परदेशी विद्यापीठाशी करार दाखवून इथल्या कंपन्या ज्या पदव्या विकतात, त्यांच्याबद्दलही आयोगाचा इशारा आहे: अशा पदव्या इथे ग्राह्य नाहीत.

नंतर बघू म्हणणाऱ्यांसाठी एक जुनं प्रकरण सांगतो. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी न घेता दूरशिक्षणातून अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला लावलं आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरवल्या. तोवर कित्येकांची नोकरीत दहा-दहा वर्षं झाली होती.

उलट, परवानगी असलेली पदवी कमी प्रतीची मानू नका. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. खासगी कंपनीने कुणाला घ्यायचं हा तिचा प्रश्न. सरकारी भरतीसाठी मात्र जाहिरातीतली पात्रतेची अट शब्दशः वाचा.

स्वस्त म्हणजे नेमकं किती?

आमच्या अनुभवात लोक मान्यतेपेक्षा इथे जास्त फसतात, कारण आकडा समोर असतो आणि तरी तो पूर्ण नसतो. समजा, जाहिरातीत "सत्राला फक्त 20,000" असं आहे. दोन वर्षांच्या पदवीची चार सत्रं, म्हणजे 80,000. त्यात नोंदणी 1,500, दर सत्राची परीक्षा फी 2,000 धरून 8,000, पदवी प्रमाणपत्राचे 1,000. झाले 90,500. दोन विषय राहिले तर पुनर्परीक्षेचे वेगळे. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असेल तर जाण्या-राहण्याचे आणखी वेगळे. दुसऱ्या विद्यापीठाने "सगळं मिळून 88,000" सांगितलं असेल, तर वरवर महाग दिसणारं तेच स्वस्त. (हे आकडे निव्वळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.) म्हणून सत्राची फी विचारू नका. पहिल्या दिवसापासून पदवी हातात पडेपर्यंतची रक्कम विचारा आणि ती लेखी मागा.

आता हप्ते. "बिनव्याजी मासिक हप्ता" म्हणजे विद्यापीठाने दिलेली सवलत, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा ते एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी पलीकडे पोहोचते आणि तुम्ही कंपनीचे देणेकरी होता. तीन महिन्यांनी अभ्यास सोडलात तरी हप्ते थांबत नाहीत, आणि थकले तर सिबिल स्कोअर घसरतो. फोनवर ओटीपी सांगण्याआधी कराराचं पहिलं पान तरी वाचा. कर्ज देणाऱ्याचं नाव तिथेच असतं. शक्य असेल तर सत्रागणिक फी भरा, तीही थेट विद्यापीठाच्या खात्यात. प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात, तेही याच वेळी विचारून घ्या.

खरोखर कमी खर्चात शिकायचं असेल तर आधी सरकारी मुक्त विद्यापीठं बघा. 1985 चं इग्नू आणि 1989 चं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची फी खासगी विद्यापीठांच्या मानाने बरीच कमी असते. तिथे गोड बोलणारा काउन्सेलर रोज फोन करत नाही, सूचना स्वतः बघाव्या लागतात, हे खरं. ज्याला स्वतःहून अभ्यास करायची सवय आहे, त्याने जास्तीचे पैसे का मोजावेत हे आम्हाला कळत नाही.

वेळेचा हिशेबही याच कागदावर मांडा. या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. 120 क्रेडिटच्या तीन वर्षांच्या पदवीला 3,600 तास, म्हणजे आठवड्याला सरासरी 23. नोकरी सांभाळून हे जमेल का, ते आधी घरच्यांशी बोला. अर्धवट सोडलेली पदवी सगळ्यात महाग पडते.

आम्ही काय करतो, काय नाही

प्रवेश विद्यापीठ देतं. आम्ही देत नाही, आणि देऊ शकत नाही: या पदव्या फ्रँचायझीमार्फत चालवायला नियमांत बंदी आहे. "आमच्याकडे सीट आहे" म्हणणाऱ्या कुणाकडेही, अगदी आमच्याकडेही, विद्यापीठाची फी भरू नका. आम्ही यादी तपासून देतो, एकूण खर्चाचा तक्ता करून देतो आणि अर्ज भरायला मदत करतो. त्याचे ठरलेले पैसे तुमच्याकडून घेतो, पावती देतो. कोणत्याही विद्यापीठाकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे "तुम्ही यंदा प्रवेश घेऊच नका" असं सांगणंही आम्हाला परवडतं.

येताना दहावी, बारावी आणि असल्यास पदवीच्या मूळ गुणपत्रिका आणा. 2024-25 पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला आधी डिजीलॉकरमधून एबीसी आयडी (विद्यार्थ्याची क्रेडिटं जमा ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक) काढावा लागतो. तुमचा चालू मोबाइल नंबर आधारशी जोडलेला आहे ना, हे घरूनच बघून या. नसेल तर ओटीपी येत नाही आणि फेरी फुकट जाते. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव वेगळं असेल (लग्नानंतर बऱ्याच जणींचं असतं), तर आधी ते दुरुस्त करून घ्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते होत नाही.