बीपीपीव्ही आणि मेनिएर: दोन्हीत घर फिरतं, मग फरक कुठे?

चक्कर आली की आपल्याकडे कारणं ठरलेली असतात, बीपी लो झालं असेल, पित्त वाढलं असेल, नाहीतर मानेचा स्पॉन्डिलायटिस. मग मानेचा एक्स-रे, गळ्यात पट्टा आणि चक्करची गोळी, ती संपली की परत आणायची आणि असंच वर्षानुवर्षं चालू. मला याचा खरंच त्रास होतो, कारण सगळं गरगर फिरतंय अशी चक्कर असेल तर बऱ्याचदा मूळ आतल्या कानात असतं, आणि तिथल्या दोन आजारांची सारखी गल्लत होते, बीपीपीव्ही (बिनाइन पॅरोक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर) आणि मेनिएर. पहिला बऱ्याचदा दवाखान्यातल्या दहा मिनिटांत बरा होतो, दुसऱ्यावर मुळापासून इलाज अजून सापडलेला नाही.

बीपीपीव्हीमध्ये भानगड खड्यांची असते. आतल्या कानात युट्रिकल नावाची इवलीशी पिशवी आहे, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे एका चिकट थरावर बसलेले असतात, डोकं कुठे कललंय ते त्यांच्या वजनामुळे कळतं. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे, कधीकधी काहीच कारण नसताना त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग अंथरुणात कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला वर बघितलं की खडे घरंगळतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं गोल फिरतंय. माणूस घाबरून पलंग धरून बसतो, पण झटका बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत थांबतो आणि यात ऐकू येणं कमी होत नाही.

मेनिएरमध्ये खड्यांचा काही संबंध नाही. आतल्या कानात एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो, तो वाढून त्याच्या भोवतीचा पडदा फुगतो. कानात दडे बसल्यासारखं होतं, घूं असा आवाज सुरू होतो, त्या कानाने कमी ऐकू येतं आणि मग चक्कर, उलट्या. मान हलवा नाहीतर हलवू नका, झटका आपल्या मर्जीने येतो. बॅरनी सोसायटी या चक्करतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या निकषांत झटका २० मिनिटं ते १२ तास टिकणारा हवा, असे किमान दोन झटके हवेत, शिवाय कानाची लक्षणं कमीजास्त होणारी हवीत आणि ऑडिओमेट्रीत खालच्या ते मधल्या सुरांचं ऐकणं कमी झालेलं दिसायला हवं. म्हणजे ऐकण्याची टेस्ट न करताच कुणी मेनिएरचं पक्कं निदान सांगितलं तर थांबून विचारावं.

गंमत बघा, या दोन्ही आजारांच्या इतिहासात एकच माणूस आहे, लंडनचे डॉक्टर चार्ल्स हॉलपाइक. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्येच सांगितलं होतं की अशी चक्कर मेंदूतून नाही, कानातून येते, तोवर लोक तिला मेंदूत रक्त साठल्याचा झटका समजायचे. पण कानात नेमकं काय बिघडतं ते कळायला १९३८ उजाडलं. ऑपरेशननंतर दगावलेल्या रुग्णांच्या कानाची हाडं हॉलपाइक आणि केर्न्स यांनी तपासली आणि तो फुगलेला पडदा दिसला, त्याच वर्षी ओसाकाच्या यामाकावांनाही तेच दिसलं. मग १९५२ मध्ये याच हॉलपाइकनी मार्गारेट डिक्स यांच्याबरोबर बीपीपीव्हीची ती टेस्ट लिहून काढली जी आजही रोज वापरतात.

टेस्टला मशीन लागत नाही. पेशंटला पलंगावर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवायची आणि पटकन मागे झोपवायचं, डोकं काठाबाहेर थोडं लटकलं पाहिजे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग डोळे वर झटके मारत मारत खालच्या कानाकडे गोल फिरायला लागतात, जोर वाढतो, ओसरतो आणि थांबतात. खडे मागच्या नळीत असतील तर हे असंच दिसतं, मग निदानासाठी एमआरआयची गरज नसते. लगेच तिथल्या तिथे एपली मॅनुव्हर करून डोकं टप्प्याटप्प्याने फिरवायचं, खडे परत युट्रिकलमध्ये पडतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एपलींनी हे १९८० मध्ये दाखवलं होतं, पण इतकं सोपं कुणाला पटेना, पेपर छापून आला तो थेट १९९२ ला. खडे पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा करायचं.

मेनिएरमध्ये एपली करून उपयोग नाही. मीठ कमी करायला सांगतात, औषधं देतात, फारच झालं तर कानात इंजेक्शन. बीटाहिस्टीन ही चक्करची गोळी आपल्याकडे सर्रास देतात, पण जर्मनीत २२१ मेनिएर पेशंटवर ९ महिने चाललेल्या, २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्यांचे झटकेही तेवढेच कमी झाले. बीपीपीव्हीत तर चक्कर दाबणाऱ्या गोळ्या रोज देऊ नका असंच गाइडलाइन्स सांगतात, गोळीने खडा जागेवर जात नाही. आणि फुगलेला पडदा म्हणजेच आजार असंही सरळ नाही, काहींच्या कानात मृत्यूनंतर तो सापडला पण त्यांना जिवंतपणी मेनिएरचा त्रासच नव्हता. २००७ पासून, जपानमधल्या नागोयाच्या कामानंतर, गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते द्रव्य) वापरून केलेल्या एमआरआयमध्ये जिवंत माणसातही तो दिसू लागलाय, त्यामुळे हा गुंता कधीतरी सुटेल असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही आजार एकाच माणसाला, अगदी एकाच कानात होऊ शकतात, तेव्हा मेनिएर आहे म्हणून वर सांगितलेली डिक्स-हॉलपाइक टेस्ट टाळू नये. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं किंवा उभंच राहता येईना तर मात्र कानाचं बाजूला ठेवून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. एरवी डॉक्टरांकडे जाताना झटका किती वेळ टिकला, काय करताना आला आणि त्या वेळी कानात काही झालं का, हे लिहून न्या, आणि जमलं तर झटका चालू असताना घरच्या कुणाला तरी मोबाइलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे बहुतेक वेळा शांत झालेले असतात.