प्रतिजैविकांच्या जोडीला वनस्पती : या संशोधनामागचा प्रवास

नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंबावर तेल्या हा जिवाणूजन्य रोग दिसला की स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारायचं, ही जुनी सवय. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावर चाललेलं पहिलं प्रतिजैविक. माणसाचं औषध बागेत, पोल्ट्रीत, गोठ्यात पोचलं आणि जिवाणू त्याला सरावत गेले. हा प्रश्न नाशिकला परका नाही. प्रतिजैविकाच्या जोडीला वनस्पतीतलं द्रव्य देऊन जिवाणूंचा हा प्रतिकार मोडता येईल का, या संशोधनाचा हा प्रवास.

प्रतिकाराची चाहूल फार आधी लागली होती. पेनिसिलिन निकामी करणारं जिवाणूंमधलं विकर (एन्झाइम) १९४० मध्येच नोंदवलं गेलं, तेव्हा ते औषध बाजारातही आलं नव्हतं. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये, या विकराला दाद न देणाऱ्या मेथिसिलिन या औषधालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू सापडला. मग जिवाणूला थेट मारण्यापेक्षा त्याची ढाल काढून घ्यावी, हा विचार पुढे आला. १९८१ मध्ये बाजारात आलेली अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्या गटातलं प्रतिजैविक) आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोडी त्याचंच फळ. हे आम्ल एकटं जिवाणूंना फारसं मारत नाही. ते जिवाणूचं विकर अडवतं आणि अमॉक्सिसिलिनला काम करू देतं.

वनस्पतींचा धागा इथे जुळतो. अनेक जिवाणू आत शिरलेलं औषध पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतात. स्टॅफिलोकॉकसमधला 'नॉर-ए' हा असाच एक पंप. दारुहळदीच्या कुळातल्या एका अमेरिकी झुडपात जिवाणूरोधक बर्बेरिन आणि हा पंप अडवणारं दुसरं द्रव्य एकत्र असतात, असं २००० मध्ये दाखवलं गेलं. मला हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण टप्पा वाटतो : झाडाने स्वतःच जोडउपचार तयार ठेवला होता! सर्पगंधेतलं रेसर्पिनही पंप रोखतं, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला झेपणारी नाही.

पिंपळी आणि मिरीतलं पायपेरिन जम्मूच्या सरकारी औषध-संशोधन प्रयोगशाळेने अभ्यासलं. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासोबत ते नॉर-ए रोखतं, हे २००६ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी मांडलं. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमवर आणणारी, पायपेरिन मिसळलेली गोळीही तिथल्याच कामातून आली. मात्र ती करामत औषध रक्तात जास्त उतरण्याची आहे, प्रतिकार मोडण्याची नव्हे. या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळीला योगवाही (सोबतच्या औषधाचा गुण वाहून नेणारी) म्हटलं आहे आणि तिच्या अतिवापराविरुद्ध बजावलंही आहे. तो इशारा आजही लागू पडतो, कारण पायपेरिन इतर औषधांचीही रक्तातली पातळी बदलू शकतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांसोबत स्वतःच्या मनाने काढे घेऊ नयेत.

प्रयोगशाळेत जोडी तपासताना दोन्ही घटकांच्या वेगवेगळ्या मात्रा चौकटीच्या तक्त्यात मांडून एक निर्देशांक काढतात. तो ०.५ किंवा कमी आला तर परस्परपूरक परिणाम, ४ च्या वर गेला तर एकमेकांना मारक. वनस्पतीचा अर्क घेतला तर जमीन, हंगाम आणि काढण्याची पद्धत बदलताच त्यातलं द्रव्यही बदलतं. बहुतेक निष्कर्ष प्रयोगशाळेतच अडकतात, त्याचं हे एक मोठं कारण. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपॅथी आणि आयुर्वेद या दोन्ही शाखांची महाविद्यालयं आहेत. रुग्णांकडून मिळालेले प्रतिरोधक जिवाणू आणि नीट ओळख पटवलेल्या वनस्पती एकाच टेबलावर आणायला याहून सोयीची जागा राज्यात क्वचितच असेल.