परिषद आणि विभागाचा संशोधन मेळावा

जीवशास्त्राच्या एखाद्या विभागाने वर्षातून एकदा संशोधन मेळावा घ्यायचे ठरवले की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतात: प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचे, बॅनरवर ‘राज्यस्तरीय’ लिहायचे की ‘राष्ट्रीय’, आणि शोधनिबंधांचे पुस्तक काढायचे का. हे तिन्ही प्रश्न परिषदेचे आहेत, मेळाव्याचे नाहीत. दोन्हींत व्याख्याने असतात, पोस्टर असतात, मधल्या वेळेत चहा असतो, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु सोलापुरात इतकी वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना मी दोन्हींत बसलो आहे, आणि मेळाव्यावर परिषदेचा साज चढवला की त्यातले सर्वांत मोलाचे तेच हरवते, असे माझे ठाम मत झाले आहे.

परिषदेबद्दल फार सांगायला नको. ती बाहेरच्यांसाठी भरते. भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९१४ मध्ये कलकत्त्यात भरले, तेव्हापासून आपल्या देशात तिचा साचा साधारण तोच आहे: आधी सारांश पाठवायचा, तो स्वीकारला गेला की नोंदणी शुल्क भरायचे, सत्राध्यक्षांसमोर दहा मिनिटे बोलायचे, दोन मिनिटे प्रश्न घ्यायचे आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे. तेथे पूर्ण झालेले काम मांडले जाते, आणि तसेच मांडले पाहिजे, कारण समोरचा श्रोता आपल्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त आपला निष्कर्ष असतो. ही व्यवस्था उपयोगाची आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

मेळाव्यात मात्र अर्धवट काम मांडायचे असते. समजा, एक विद्यार्थिनी एकरुखच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या तलावातील वनस्पतीप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, अभ्यास करते आहे. दर महिन्याला ती पाण्याचे नमुने आणते, पेशी टिकाव्यात म्हणून त्यांत ल्युगॉलचे आयोडीन हे द्रावण घालते आणि सवडीने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते. मार्च-एप्रिलच्या नमुन्यांत पेशींची संख्या एकदम घसरलेली दिसते. परिषदेत ती हे दोन महिने वगळून तरी टाकेल, किंवा उन्हाळ्याचा परिणाम म्हणून एका वाक्यात उरकेल. मेळाव्यात ती आकडे जसेच्या तसे फळ्यावर लिहिते, आणि मागच्या बाकावरून प्रयोगशाळा सहायक विचारतात, “त्या बाटल्या खिडकीतल्या फळीवर होत्या का?” ल्युगॉलचे आयोडीन उजेडाने विरते. नमुन्याचा फिकट चहासारखा रंग उडाला की पेशी टिकत नाहीत. म्हणून बाटल्या अंधारात ठेवायच्या असतात आणि रंग फिका झाला की पुन्हा थोडे आयोडीन घालायचे असते. सोलापूरच्या चैत्रातल्या उन्हात खिडकीजवळच्या बाटलीचे काय होणार, हे त्या सहायकांना वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक असते, पण परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी खुर्चीच नसते.

डाळिंबावरील तेल्या रोगाचेही तसेच. त्याला कारणीभूत असलेला झँथोमोनास जातीचा जिवाणू प्रयोगशाळेतल्या प्लेटमधील पोषक माध्यमावर सावकाश वाढतो. त्याच्या पिवळ्या वसाहती दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर दुसरेच वेगाने वाढणारे जिवाणू प्लेट व्यापून बसतात. शिवाय पिवळी दिसणारी प्रत्येक वसाहत झँथोमोनासची नसते. ‘सहा वेळा प्रयत्न केला आणि सहाही वेळा फसलो’ असा शोधनिबंध कोणी स्वीकारत नाही, मात्र पुढच्या वर्षी तेच काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्या सहा प्लेट्सची हकिकत एखाद्या छापील निबंधापेक्षा अधिक कामाची असते.

सीमारेषेवरची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत १९३१ मध्ये सुरू झालेल्या गॉर्डन परिषदा नावाने परिषदा असल्या तरी तेथे सांगितलेली माहिती खासगी संभाषण मानली जाते आणि छायाचित्रण वा ध्वनिमुद्रण करू दिले जात नाही. अप्रकाशित काम निर्धास्तपणे बोलता यावे, हाच त्यामागचा हेतू. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात महाबळेश्वर चर्चासत्रे सुरू केली, तीही लहान आणि निवासी स्वरूपाची. त्यामुळे नावावरून निर्णय करू नये. व्याख्यानाला जितका वेळ दिला आहे, निदान तितकाच त्यावरील चर्चेला दिला आहे का, हे पाहावे.

भाषेचा फरक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. परिषद इंग्रजीत चालते आणि तसे असण्याला कारणे आहेत. पण आपल्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार घरांतून आलेली मुले शेजारी बसतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीला “सर, हा नियंत्रण गट का ठेवला नाही?” हे मराठीत विचारता येते, इंग्रजी वाक्य जुळवण्यात मात्र तिचा प्रश्न विरून जातो. मेळावा मराठीत, संज्ञा हव्या तशा इंग्रजी ठेवून, चालवण्यात काहीही कमीपणा नाही.

विभाग एकत्र येतो तोही याच प्रश्नांतून. त्यासाठी वेगळे खेळ घेण्याची मला गरज वाटत नाही. मात्र प्रत्येक मार्गदर्शकाचे विद्यार्थी एका कोंडाळ्यात बसणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात. बक्षिसे ठेवू नयेत, कारण ‘आविष्कार’सारख्या आंतरविद्यापीठीय स्पर्धेची सवय असलेली मुले परीक्षक दिसताच चुका झाकू लागतात. शिक्षकांनी स्वतःचे फसलेले काम पहिल्या सत्रात मांडावे. विभागप्रमुखच चूक सांगतात असे दिसले, तर विद्यार्थ्यांनाही धीर येतो.

जागा आणि वेळ यांबाबत सोलापूरकरांना एक सोय आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरण्याच्या आगेमागे शेतात हुरडा तयार असतो. एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या शेतावर दिवसभर बसता येते. अर्थात सकाळची सत्रे आधी झाली पाहिजेत आणि आगटी नंतर पेटली पाहिजे. क्रम उलटला तर त्या दिवसाची सहल होते.

शेवटी नोंदींचा प्रश्न उरतो. परिषदेची आठवण म्हणून शोधनिबंधांचे पुस्तक राहते. मेळाव्यासाठी एक साधी वही पुरते: कोणी कोणती अडचण सांगितली, कोणी काय सुचवले आणि ते करून पाहण्याची जबाबदारी कोणी घेतली. ती वही विभागातच ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या मेळाव्याची सुरुवात दीपप्रज्वलनाऐवजी तिच्या वाचनाने करावी.