कोयता कोणाला दाखवायचा असतो?

रात्री दोनच्या सुमाराला पुण्यातल्या एखाद्या वस्तीत तीन-चार पोरं दुचाकीवरून येतात, रस्त्याकडेला लावलेल्या रिक्षांच्या काचा कोयत्याने फोडतात आणि आरडाओरडा करत निघून जातात. चोरीला काही जात नाही. रिक्षावाल्याशी त्यांचं वैरही नसतं. सकाळी तो बिचारा सीटवरचा काचांचा चुरा झाडत बसतो, त्याचा दिवसाचा धंदा बुडतो. पुढे पोरं सापडतात आणि त्यातलं एखादं सोळा-सतरा वर्षांचं निघतं. सरकारी कागदात त्याचं नाव 'विधिसंघर्षग्रस्त बालक'.

मग आपल्याकडे ठरलेली वाक्यं ऐकू येतात. धिंड काढा. चौकात फटके द्या. एकदा जेल दाखवा, आपोआप सरळ होतील. हा राग मला कळतो, कारण तो त्या रिक्षावाल्याच्या बाजूने आलेला असतो. पण 'भीती घातली की पोरं सुधारतात' हे म्हणणं खरं की खोटं, हे तपासून बघता येतं. ते तपासलंही गेलं आहे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रॉवे इथे एक तुरुंग आहे. तिथल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७६ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. वाया जाऊ पाहणाऱ्या पोरांना आत आणायचं, त्यांच्या अंगावर ओरडायचं आणि तुरुंगात माणसाचे काय हाल होतात ते तोंडावर सांगायचं. हेतू चांगला होता. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि 'स्केअर्ड स्ट्रेट' या नावाने अशा कार्यक्रमांचं पेव फुटलं. त्याच सुमाराला जेम्स फिंकेनॉवर या अभ्यासकाने तुरुंग पाहून आलेल्या आणि न आलेल्या मुलांची तुलना केली, तर पाहून आलेली मुलंच पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. नंतर अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ९ चाचण्यांचे निकाल एकत्र केले. मुलं एकूण ९४६. निष्कर्ष असा निघाला की यापेक्षा काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं.

असं का व्हावं? माझ्या मते उत्तर 'बघे' या शब्दात आहे.

२००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. गाडी पुढे जाते, सिग्नल पिवळा होतो. जितकं पुढे न्याल तितके गुण जास्त, पण वेळेत थांबला नाहीत तर गाडी आदळते आणि कमावलेलं सगळं जातं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघं बसवले. चोविशीच्या पुढच्यांना शेजारी कोण बसलंय याने फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाची मुलं मात्र सोबती असले की कितीतरी जास्त धोका पत्करत होती. २०११ मध्ये असाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला दिला, तेव्हा मित्र बघताहेत एवढं कळल्यावर किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाच्या ओढीशी जोडलेला भाग जास्त जागा झाला. मोठ्यांचा झाला नाही.

म्हणजे कोयता रिक्षावाल्याला दाखवायचा नसतोच. तो मागच्या सीटवर बसलेल्या मित्राला दाखवायचा असतो.

ही दाद किती बारीक असते, हे ऑरेगन राज्यात टॉमस डिशन यांनी टिपलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या मित्रासोबत खोलीत बसवायचं, समोर कॅमेरा, पंचवीस मिनिटं गप्पा. मग ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघून एकच गोष्ट नोंदवायची: कोणत्या बोलण्यावर समोरचा हसला? काही जोड्यांमध्ये साध्या गप्पांना हसू मिळत होतं. काहींमध्ये मात्र चोरी, मारामारी, मास्तरांची फजिती असा विषय निघाला की खसखस पिकायची आणि एरवी शांतता. पुढच्या दोन वर्षांत या दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांमधली मुलं जास्त बिघडली. आधीचं वागणं हिशेबात धरूनही हा फरक उरला. एवढंसं हसू, पण त्या वयात तेच बक्षीस.

आता धिंडीचा विचार करा. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, पण त्याच टोळीतल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला भर वस्तीतून चालवतात. आपल्याला वाटतं, अब्रू गेली. व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आणि ज्यांच्यासाठी कोयता काढला होता त्यांच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचतो. बघे आपणच जमवून देतो.

मारापेक्षा माया बरी, असं म्हणावं तर तिथेही पाय घसरतो. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने एकूण ५०६ मुलांमधून मिळत्याजुळत्या दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतला एक मुलगा मदतीसाठी निवडला. त्याला समुपदेशक, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिर असं सगळं सुमारे पाच वर्षं मिळालं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या अभ्यासिकेने त्यातल्या जवळपास सगळ्यांना शोधून काढलं. मदत मिळालेले बरेच जण आठवण काढून म्हणत होते, त्याचा फायदा झाला. नोंदी मात्र सांगत होत्या की गुन्हे, दारू, मानसिक आजार, अकाली मृत्यू यांत त्यांचीच स्थिती जोडीदारांपेक्षा वाईट होती. पुढे आकडे पुन्हा चाळल्यावर दिसलं, की नुकसान मुख्यतः उन्हाळी शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा गेलेल्यांचं झालं होतं. बिघडू पाहणारी मुलं एका छताखाली आली की गप्पांना श्रोते मिळतात. रिमांड होममध्ये किरकोळ मारामारीतला मुलगा अट्टल पोराशेजारी झोपवायचा की नाही, याचा विचार यासाठी करायला हवा.

आणि आपण ज्यांच्यावर संतापतो त्यातली बहुतेक पोरं पुढे थांबतात. गुन्ह्यांचा आलेख तारुण्यात चढतो आणि नंतर उतरतो, हे बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्येच फ्रान्सच्या आकड्यांवरून दाखवलं होतं. न्यूझीलंडमधल्या डनीडन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं, की लहानपणापासून आयुष्यभर समाजविघातक वागणारे थोडे असतात आणि फक्त वयात येताना भरकटणारे खूप. हे दुसरे परत फिरतात, मात्र वाटेत काही फास असतात. सुटलेली शाळा, लागलेलं व्यसन, पोलिसांत लागलेलं नाव. यातला शेवटचा फास समाज स्वतःच्या हाताने टाकतो.

मग सोडून द्यायचं? अजिबात नाही. कल्याणीनगरच्या अपघातात २०२४ मध्ये दोन तरुण जीव गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हा लोक भडकले ते बरोबरच होतं. ज्यांची माणसं गेली त्यांना त्या निबंधात जागाच नव्हती.

शिकागोतल्या शाळांमधला एक उपक्रम मला फार शिकवून गेला. तिथे मुलांच्या जोड्या करतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, अर्ध्या मिनिटात काढून घे. झटापट होते, बोटं पिरगळली जातात. मग मार्गदर्शक विचारतो, "चेंडू मागून कोणी बघितला का?" कोणीच बघितलेला नसतो. या उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका जवळपास निम्म्याने घटल्याचं चाचण्यांत दिसलं. मुलं इथेही घोळक्यातच होती, पण दाद कशाला द्यायची हे ठरवणारा एक जाणता माणूस मध्ये बसला होता.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने किशोरांसाठी कुटुंबाच्या बैठकीची पद्धत आणली. तिची मुळं माओरी रिवाजात आहेत. मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस एका खोलीत बसतात आणि भरपाई कशी करायची ते ठरवतात. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही बाल न्याय मंडळाला समाजसेवा, समुपदेशन, पालकांना दंड असे आदेश देता येतात. माझी इच्छा एवढीच, की मंडळाच्या खोलीत एक खुर्ची रिक्षावाल्यासाठी असावी. मुलाचे आईवडील शेजारी बसलेले असावेत, मित्र एकही नसावा, आणि काचेला किती पैसे पडले, दिवसभर रिक्षा उभी राहिली तेव्हा घरी काय झालं, हे त्याने त्या पोराच्या डोळ्यांत बघून सांगावं.